गाडी चढावरच का थरथरते? इलेक्ट्रिक गाडीच्या हादऱ्याचा माग

गोव्याहून बेळगावकडं परतताना केरी मागं पडलं, चोर्ला घाटाची चढण लागली आणि गाडी थरथरायला लागली. मामेभावाची इलेक्ट्रिक गाडी, आत आम्ही पाच माणसं, डिकीत काजूच्या पिशव्या आणि दोन पोती नारळ. मी मागं बसलो होतो. पुढच्या दोन सीटांच्या मधल्या खाचेत पाण्याची अर्धी भरलेली बाटली होती. वळण संपून भावानं ॲक्सिलरेटरचं पॅडल दाबलं की बाटलीतलं पाणी शहारल्यासारखं व्हायचं आणि माझी सीट डावी-उजवी, डावी-उजवी हलायची. स्टेअरिंग मात्र गप्प. पॅडलवरून पाय काढला की सगळं शांत. कणकुंबीची सपाटी आली आणि जांबोटीपर्यंत गाडी लोण्यावरून घसरल्यासारखी गेली.

‘दादा, बघितलास न्हवं?’ भाऊ म्हणाला. ‘चढाला लागली की भूत लागल्यागत थरथरतीय, आणि मेस्त्रीला दाखवायला नेली की गप्प.’

तोवर त्यानं तीनदा व्हील बॅलन्सिंग केलं होतं, एकदा अलाइनमेंट, आणि दोन टायर नवे घातले होते. मी गाड्यांचा मेस्त्री नव्हे. बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका वर्कशॉपात तपासणीच्या टेबलावर माझी वीस वर्षं गेली. फिरणारी वस्तू किती वाकडी फिरते ते डायल गेज लावून मोजायचं, एवढंच माझं काम. पण हादरा हा शेवटी फिरणाऱ्या वस्तूचाच असतो. म्हणून भावाला मी एकच प्रश्न विचारला आणि या लेखाचा सगळा भार त्या प्रश्नावरच आहे: थरथर वेगाची आहे, की जोराची?

आपल्याकडं गुऱ्हाळ बघितलं नाही असा माणूस विरळा. चरक रिकामा फिरत असतो तेव्हा त्याचा आवाजही येत नाही. उसाची मोळी आत गेली की मात्र तो कुरकुरतो, हलतो, पायाचे बोल्ट ढिले असले तर सगळा सांगाडा थडथडतो. फिरण्याचा वेग तोच, पण अंगावर जोर आला. ही जोराची थरथर. आता धुण्याच्या यंत्रात ओली चादर एका बाजूला गोळा झाली की काय होतं ते आठवा. हळू फिरताना काही नाही, वेग वाढला की यंत्र जागेवरून सरकायला लागतं. तिथं जोराचा प्रश्न नाही, वजन एकीकडं गेलंय एवढंच. ही वेगाची थरथर.

चाकाचं बॅलन्स बिघडलं, रिम वाकली, टायर एका जागी चपटा झाला, तर थरथर वेगाची असते. साधारण ८० ते १००च्या पट्ट्यात ती जाणवते, पॅडल दाबलं काय नि सोडलं काय, फारसा फरक पडत नाही. भावाच्या गाडीत पॅडल सोडताच थरथर थांबत होती, आणि तीही ३०-४०च्या वेगात. म्हणजे तीनदा केलेलं बॅलन्सिंग आणि ते दोन टायर दुसऱ्याच रोगावरचं औषध होतं. पैसे गेले ते गेले. टायर निदान वापरता तरी येतील.

हे ओळखायला कसलंही यंत्र लागत नाही. सकाळच्या वेळी रिकामा, सरळ रस्ता बघा. वेग स्थिर ठेवून चालवा, मग त्याच वेगावरून पॅडल जोरात दाबा, मग सोडा. इलेक्ट्रिक गाडीत इथं एक गोम आहे. पेट्रोल गाडीत पाय काढला की जोर जवळपास संपतो. इलेक्ट्रिक गाडीत पाय काढला की मोटर उलटी होऊन डायनॅमोसारखी वागते, चाकांना मागं ओढते आणि बॅटरीत वीज भरते. यालाच रिजन म्हणतात. म्हणजे जोर संपत नाही, त्याची दिशा उलटते. म्हणून ही परीक्षा करताना रिजनची पायरी शून्यावर घ्या, म्हणजे पाय काढल्यावर गाडी खरोखर मोकळी धावेल. नंतर रिजन पूर्ण वाढवून बघा. उतारावर रिजन वाढवल्यावर बारीक थरथर येत असेल, तर जोराच्या बाजूनं आणखी एक साक्षीदार मिळाला. आम्ही गोव्याकडं उतरत होतो तेव्हाही सीट थोडी हलली होती, पण सगळ्यांनी खापर रस्त्यावर फोडलं होतं.

इलेक्ट्रिक गाडीत असले हादरे जास्त का बोचतात, हेही सांगायला हवं. चार सिलिंडरचं पेट्रोल इंजिन जागेवर ८०० फेऱ्यांनी चालू असलं तर सेकंदाला २६-२७ स्फोट होतात. त्या घरघरीत बाकीचे लहानसहान हादरे बुडून जातात आणि आपलं शरीरही त्याला सरावलेलं असतं. इलेक्ट्रिक गाडीत ती घरघर नाही, त्यामुळं कानाकोपऱ्यातली प्रत्येक चूक ऐकू येते. दुसरी गोष्ट जोराची. मोटरचा टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, २०० न्यूटन-मीटर धरा. मोटर आणि चाकं यांच्या मधे असलेल्या गिअरचं प्रमाण बहुतेक गाड्यांत नवास एकच्या आसपास असतं, म्हणजे चाकांकडं १८०० न्यूटन-मीटर जातात, एका बाजूच्या शाफ्टला ९००. पेट्रोल गाडीतही पहिल्या गिअरला एवढा जोर असू शकतो, नाही असं नाही. पण तिथं तो क्लचमधून घसरत, सावकाश येतो. इथं क्लच नाही. पाय ठेवला की पहिल्या क्षणापासून पुरा जोर, आणि पाय काढला की उलटा जोर. गावातल्या गावात गाडी चालवताना शाफ्टची दिवसाला शेकडो वेळा अशी पुढं-मागं पिळवणूक होते. त्यात बॅटरीचं काही क्विंटल वजन.

आता थोडं गणित. टायरचा घेर आपल्या मध्यम गाड्यांत दोन मीटरच्या आसपास असतो. ताशी ३६ किलोमीटर म्हणजे सेकंदाला १० मीटर, म्हणजे चाकाच्या सेकंदाला ५ फेऱ्या. ७२ला दुप्पट, १० फेऱ्या. कुठल्याही वेगाला ७.२नं भागलं की फेऱ्या मिळतात. चाकात दोष असेल तर एका फेरीला एक हादरा, म्हणजे ३६च्या वेगात सेकंदाला ५. मोटर चाकाच्या नऊपट फिरते, तिच्यात दोष असेल तर सेकंदाला ४५, जो हादऱ्यापेक्षा गुणगुणण्यासारखा वाटतो. आणि चाक व गिअर यांच्यामधल्या शाफ्टच्या आतल्या जॉइंटचा दोष एका फेरीला तीन हादरे देतो, म्हणजे १५. तीनच का, ते पुढं येतंय. (८०-१००च्या पट्ट्याचं कोडंही इथंच सुटतं. त्या वेगात चाकं सेकंदाला ११ ते १४ फेऱ्या मारतात, आणि स्प्रिंगवर टांगलेल्या चाकाला स्वतःहून उड्या मारायला आवडतात त्याही साधारण त्याच गतीनं. झोक्याला नेमक्या वेळी धक्का दिल्यासारखं होतं.)

हे हादरे मोजायला हल्ली मोबाइल पुरतो. जर्मनीतल्या आखेन विद्यापीठानं फायफॉक्स नावाचं फुकट ॲप केलेलं आहे. फोनमधला हलणं मोजणारा सेन्सर वापरून सेकंदाला किती हादरे बसतात त्याचा आलेख ते काढतं. फोन स्टँडला लावायचा नाही, स्टँडच हलत असतो. सीटच्या पायाशी, फरशीवर चिकटपट्टीनं घट्ट बसवायचा, आणि आलेख शेजारच्यानं बघायचा, चालवणाऱ्यानं नव्हे.

अडचण अशी, की सपाटीवर पॅडल दाबलं की गाडीचा वेग बदलत जातो, वेगाबरोबर हादऱ्यांची गतीही बदलते आणि आलेखात टोक उमटण्याऐवजी नुसता ढिगारा दिसतो. घाट इथं कामाला येतो. चढाला ३६चा वेग स्थिर धरून ठेवला तरी मोटरला सतत जोर लावावा लागतो. वेग स्थिर, जोर चालू. प्रयोगशाळेत यासाठी महागडे रोलर लागतात, आपल्याला चोर्ला आहे, अनमोड आहे, हमरस्त्यावर वंटमुरीचा आणि निपाणीजवळचा तवंदीचा चढ आहे. हमरस्त्यावर मात्र मागून ट्रक येत असताना ३६नं जाण्याचा हट्ट नको. आम्ही पुढच्या रविवारी पुन्हा जांबोटीच्या बाजूला गेलो, एक लांबसर चढ धरला, भाचा फोनवर वाकून बसला. टोक १५ आणि १६च्या मध्ये उमटलं. ५वर काहीच नाही.

तरीसुद्धा शाफ्टकडं जाण्याआधी चाकं एकदा नजरेखालून घालायचीच, कारण ते फुकट आहे. खानापूर भागातली लाल माती पावसात रिमच्या आतल्या बाजूला चिकटते आणि ऊन पडलं की विटेसारखी वाळते. पाण्याच्या जोराच्या फवाऱ्यानं बाहेरची बाजू चकाचक होते, आतली तशीच राहते. मूठभर मातीनंही चाकाचं बॅलन्स जातं. चाक काढून आतून धुवायचं, मग बॅलन्सिंगचा विचार. हबच्या, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या भागाच्या, तोंडावर गंज धरला असेल तर चाक सपाट बसत नाही, तारेच्या ब्रशनं तो काढायचा. नट पाइप लावून आवळण्याची आपल्याकडची पद्धत वाईट आहे, टॉर्क पाना वापरायला लावायचा. बाहेरून अलॉय घातले असतील तर मधलं भोक हबवर घट्ट बसतंय का ते बघायचं. आणि टायर बदलताना त्याच्या कडेवरचा भार-आकडा कंपनीनं दिलेल्या टायरपेक्षा कमी नको, इलेक्ट्रिक गाडी जड असते. चाकांबद्दल एवढं पुरे.

आता शाफ्ट.

पुढच्या चाकांनी ओढणाऱ्या गाडीत गिअरमधून दोन शाफ्ट निघतात, एक डाव्या चाकाला, एक उजव्या. मेस्त्री लोक याला एक्सल म्हणतात. चाक खड्ड्यात वर-खाली होणार, शिवाय वळणार, आणि तरी शाफ्टनं जोर पोचवत राहायचं. म्हणून त्याच्या दोन्ही टोकांना वाकू शकणारे जॉइंट असतात. बाहेरचा, चाकाकडचा जॉइंट आपल्या ओळखीचा आहे: तो गेला की गाडी वळवताना कटकटकट आवाज येतो. आतला, गिअरकडचा जॉइंट सहसा कुणाच्या ध्यानात येत नाही, कारण तो वाजत नाही. तो थरथरतो.

हा आतला जॉइंट बहुतेक गाड्यांत तीन पायांचा असतो. शाफ्टच्या टोकाला तीन खुंट्या, प्रत्येक खुंटीवर एक रोलर. हे त्रिकूट एका पोलादी वाटीत बसतं, वाटीच्या आतून तीन खोबणी असतात, एका रोलरला एक. वाटी फिरली की खोबणीची भिंत रोलरला ढकलते आणि शाफ्ट फिरतो. शाफ्ट सरळ असेल तर रोलर आपल्या जागी बसून राहतात. पण शाफ्ट तिरका असेल, आणि थोडा तिरका तो नेहमीच असतो, तर प्रत्येक फेरीत प्रत्येक रोलरला खोबणीत एकदा आत आणि एकदा बाहेर सरकावं लागतं. नव्या जॉइंटमध्ये ग्रीस भरपूर, खोबण गुळगुळीत, रोलर अलगद गडगडतो. जोर वाढला की रोलर भिंतीवर जास्त दाबला जातो. तिरकेपणा वाढला की त्याला जास्त लांब सरकावं लागतं. दोन्ही एकदम वाढले, त्यात खोबणीला घासून खळगा पडला असेल, की रोलर गडगडायचा सोडून अडखळतो. अडखळला की शाफ्टला आडवा धक्का बसतो. तीन रोलर, म्हणून फेरीला तीन धक्के. आणि धक्का आडवा, म्हणून गाडी वर-खाली न उडता डावी-उजवी हलते, आणि म्हणूनच ती स्टेअरिंगपेक्षा सीटला जास्त कळते. बाटलीतलं पाणी हेच सांगत होतं.

वाटी काढून उलटी करून बघितली तर दोष दिसतो, पण त्यासाठी नजर नको, नख हवं. उद्यमबागेत आमचे जुने सुपरवायझर म्हणायचे, डोळ्याला जे दिसत नाही ते नखाला लागतं. खोबणीच्या भिंतीवर नख फिरवायचं. जिथं रोलर रोज बसतो तिथं ते किंचित अडतं. आरशासारख्या चकाकीत बारीकसा उतार असतो, केसाएवढा. तेवढा पुरतो.

पण बहुतेकदा वाटी काढण्याआधीच कळतं. गाडी रॅम्पवर घेतली की आधी रबरी बूट बघायचे, जॉइंटवर चढवलेली ती घड्यांची टोपी. घड्या बोटांनी फाकवून बघायच्या, चीर घडीच्या तळाशी लपलेली असते. बूट फाटला असेल तर ग्रीस फेकलं जातं आणि आसपास काळी रेघ उठते, गोल फिरल्यासारखी, एका ओळीत. आमच्या भागात त्या रेघेवर लाल माती बसते. आत उरलेल्या ग्रीसमध्येही तीच माती जाते आणि ग्रीस हे घासायची पेस्ट होऊन बसतं. व्हॉल्व्ह घासायला जी वापरतात, जवळपास तीच.

भावाच्या गाडीचे बूट शाबूत होते. म्हणजे माती नाही. मग एवढ्या लवकर खोबण कशानं घासली?

रॅम्पवर गाडी होती, मी खाली उभा राहून वर बघत होतो आणि स्प्रिंगच्या वेटोळ्यांत काळी रबरं दिसली. विचारल्यावर भाऊ थोडा ओशाळला. त्याच्या गावाकडचा रस्ता साखर कारखान्याच्या हंगामात उसाच्या ट्रॉल्यांनी दोन चरांत खोल होतो, मधला उंचवटा गाडीच्या पोटाला घासतो, आणि पोटात बॅटरी. त्या धास्तीनं त्यानं बाजारातून स्प्रिंगमध्ये घालायचे बफर आणून बसवले होते. गाडीचं नाक चांगलं इंचभर उचललं गेलं. धास्ती खोटी नव्हती, मीही घाबरलो असतो.

पण शाफ्टच्या बाजूनं विचार करा. त्याचं बाहेरचं टोक चाकाला, म्हणजे रस्त्याला बांधलेलं. आतलं टोक गाडीच्या पोटाला. पोट वर उचललं, चाक जमिनीवरच राहिलं, की शाफ्ट जास्त तिरका झाला. दोन जॉइंटमधलं अंतर ४० सेंटिमीटर धरलं तर २५ मिलिमीटर उचलल्यावर तिरकेपणा साडेतीन अंशांनी वाढतो. ऐकायला क्षुल्लक वाटतं, पण रोलरला फेरीगणिक ते जादा अंतर लाखो वेळा तुडवावं लागतं. त्यात मागं तीन माणसं, डिकीत नारळ, म्हणजे गाडीचं ढुंगण खाली आणि नाक आणखी वर. त्यात चढ, त्यात पॅडल, आणि पॅडल दाबलं की कुठलीही गाडी नाक उचलतेच. त्या दिवशी घाटात शाफ्टला छळायच्या सगळ्या गोष्टी एकत्र जमल्या होत्या. मेस्त्रीकडं रिकामी गाडी सपाटीवरून नेल्यावर ती गप्प का बसायची, याचंही उत्तर त्यातच.

हे फक्त आपल्याकडचं दुखणं आहे असं समजू नका. टेस्लाच्या मॉडेल एक्सला हवेचं सस्पेन्शन आहे, गाडी हवी तशी उंच-ठेंगणी होते. उंच ठेवून जोरात पळवली की पुढचे शाफ्ट थरथरतात, ही तक्रार त्या गाडीच्या मालकांमध्ये जुनी आहे, आणि गाडी खाली घेतली की ती कमी होते. मोठी गाडी, मोठा ब्रँड, भूमिती तीच.

शाफ्टखेरीज जोराच्या थरथरीचे आणखी दोन संशयित आहेत. एक म्हणजे मोटरचं माउंटिंग. मोटर चाकांना पुढं ढकलते तेव्हा स्वतः मागं उलटायला बघते, आणि तिला धरून ठेवतात ती तीन-चार रबरी माउंटिंगं. त्यातलं एखादं फाटलं की मोटर आपल्या जागी डुलते. याची खूण म्हणजे ‘डी’वरून ‘आर’वर घेताना येणारा धप्प आवाज. ब्रेकवर पाय घट्ट ठेवून, गाडीपुढं कुणालाही उभं न करता, बॉनेट उघडं ठेवून दुसऱ्यानं बाजूनं बघायचं: मोटर दोन-चार मिलिमीटर हलली तर चालतं, उडी मारल्यासारखी हलली तर माउंटिंग गेलं. चाकाला खालून धरणाऱ्या लोअर आर्मचे रबरी बुश ढिले झाले असतील तर तिथंही प्ले, म्हणजे ढिलेपणा, येतो. निघताना एकच ‘टक’ येत असेल, थरथर नसेल, तर बहुतेकदा चाकाकडच्या शाफ्टच्या दात्यांचा किंवा हबच्या तोंडाचा कोरडेपणा असतो. साफ करून, ग्रीस लावून, नवा नट योग्य टॉर्कला आवळला की जातो.

दुसरा संशयित विजेचा, आणि लोक नेमके त्याच्यावर आधी जातात. ‘मोटर गेली वाटतं’ हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय! मोटरमध्ये फिरणारा भाग एकच, दोन बेअरिंगवर. ती सहसा जात नाही. खरी गंमत तिला चालवणाऱ्या कंट्रोलरमध्ये आहे. क्लच नसल्यामुळं अचानक जोर दिला की शाफ्ट दोरीसारखे पिळले जातात आणि सुटताना गाडी पुढं-मागं झोके घेऊ शकते. ते होऊ नये म्हणून कंट्रोलर मोटरचा जोर सेकंदाला कितीतरी वेळा कमी-जास्त करून ते झोके मारून टाकतो. मोटरचा रोटर या क्षणी कुठं आहे ते सांगणारा एक सेन्सर असतो, त्यावर हे सगळं चालतं. सेन्सर चुकीचं सांगायला लागला किंवा मोटरच्या तीन फेजपैकी एकीत करंट कमी जायला लागला तर गाडी हिसके देते. पण अशा दोषात बहुधा दिवा लागतो, स्कॅनरला कोड सापडतो, आणि हिसका सुटताना, अगदी हळू वेगात जास्त जाणवतो. हिसके आणि थरथर यांत गल्लत करू नका. खडीवर पॅडल दाबल्यावर हिसके आले आणि घसरणीचा दिवा लुकलुकला, तर तो दोषही नव्हे, ट्रॅक्शन कंट्रोल आपलं काम करतोय. कोड नाही, दिवा नाही, आणि हादऱ्यांची गती चाकाच्या तिप्पट, एवढं हातात असताना मोटर उघडा म्हणणाऱ्याला नमस्कार करून गाडी परत आणावी.

ब्रेक दाबल्यावर थरथरत असेल तर तो विषय वेगळा. रिजनमुळं इलेक्ट्रिक गाडीचे ब्रेक कमी वापरले जातात, आणि आमच्या पावसाळ्यात डिस्कवर गंज बसून राहतो. रिजन बंद करून पाच-सहा वेळा नीट ब्रेक मारले की बरेचदा साफ होतो.

रॅम्पबद्दल दोन गोष्टी कळकळीनं सांगतो. इलेक्ट्रिक गाडीच्या पोटात बॅटरी आहे, रॅम्पचे पॅड कंपनीनं दाखवलेल्या जागांवरच लागले पाहिजेत. जरा आत सरकले तर बॅटरीचं आवरण दबतं, आणि ती चूक शाफ्टच्या कितीतरी पट महाग पडते. आणि गाडी वर टांगून, चाकं लोंबत असताना पॅडल दाबून थरथर बघण्याचा मोह आवरा. लोंबत्या चाकात शाफ्ट सर्वांत जास्त तिरका असतो, चांगला जॉइंटही त्या अवस्थेत थडथडतो, वर जोर तर नसतोच. म्हणजे निदान खोटं आणि जॉइंटला इजा खरी. नारिंगी रंगाच्या जाड केबल दिसतील, त्यांत तीन-चारशे व्होल्ट असतात. त्यांना हात लावायचा नाही, त्यांच्या आड येणारं कुठलंही काम कंपनीकडं शिकलेल्या माणसानंच करायचं.

सर्व्हिस सेंटरमध्ये मुळात काय चुकत होतं, तेही कळलं. बेळगावात गाडी द्यायला गेलं की आपण मराठीत सांगतो, आतला मुलगा ‘गाडी नडगतैत्री’ (गाडी थरथरतेय) म्हणून कन्नडमध्ये आतल्याला ओरडतो, आणि जॉब कार्डावर इंग्रजीत एकच शब्द उमटतो: व्हायब्रेशन. तो शब्द वाचून जगातला कुठलाही मेस्त्री बॅलन्सिंगच करणार. त्याची चूक नाही. या वेळी आम्ही कागदावर लिहूनच नेलं: ३० ते ४०च्या वेगात, चढाला, मागं माणसं असताना, पॅडल दाबल्यावरच, पाय काढला की थांबते, सीट आडवी हलते, स्टेअरिंग हलत नाही, ३६ला सेकंदाला १५ हादरे. आतून एक वयस्क मेस्त्री कागद घेऊन बाहेर आले, चष्मा वर करून एकदा भावाकडं, एकदा गाडीच्या नाकाकडं बघितलं आणि म्हणाले, ‘बफर घातलासा व्हय?’

आधी बफर काढले. त्याच चढावर पुन्हा गेलो. १५वरच्या टोकाची उंची निम्म्यावर आली होती, बाटलीतलं पाणी अजून शहारत होतं पण सीट हलायची थांबली होती. कोन सुधारला, पण घासलेली खोबण काही भरून येत नाही. उजवा शाफ्ट बदलावा लागला. तिथं वॉरंटीचा वाद झाला. बाहेरून बफर घातले म्हणून त्यांनी नाही म्हटलं, आणि मनातल्या मनात मला ते पटलं, भावाला अर्थात नाही. काही जण नुसता आतला जॉइंट बदलून मिळेल का विचारतात. मिळत असेल आणि वाटीसकट मिळत असेल तर चालेल, पण जुन्या वाटीत नवे रोलर घालून उपयोग नाही. जुने मेस्त्री काही गाड्यांत डावी-उजवीकडच्या वाट्यांची अदलाबदल करून न घासलेली भिंत कामाला लावायचे. इलेक्ट्रिक गाडीत रिजनमुळं दुसरी भिंतही वापरलेली असते, तिथं ती युक्ती तितकी चालत नाही. शाफ्ट काढताना गिअरचं ऑइल गळतं, म्हणून ऑइल सील नवं आणि ऑइलची पातळी पुन्हा भरणं हे बिलात असायलाच हवं. ग्रीस कंपनीनं सांगितलं तेच, डब्यातलं कुठलंही नव्हे. हबचा मोठा नटही नवा.

जुना शाफ्ट भावानं मागून घेतला. मी वाटी रॉकेलनं धुतली, नख फिरवलं. तीनही खोबणींत अडलं, एका भिंतीला जास्त, समोरच्या भिंतीला थोडं कमी. पुढं ढकलायची भिंत आणि रिजनची भिंत, दोन्हींचा हिशेब तिथं लिहिलेला होता.

गावाकडच्या उंचवट्याचा प्रश्न अर्थात राहिलाच. सध्या भाऊ हंगामात त्या रस्त्याला एक चाक मधल्या उंचवट्यावर आणि एक कडेला ठेवून जातो, टायरमध्ये हवा पूर्ण ठेवतो, आणि पाच माणसं असली की दोघांना उतरवून शंभर पावलं चालवतो. त्यातला एक बहुतेकदा मीच असतो.